पिंपाचं फडकं कुणी नेलं?

झुपकी खार म्हणते, "मी जरा वेंधळीच आहे."

आपण नाही हं म्हणायचं. ती स्वतःच म्हणते.

ती दाणे पुरून ठेवते. कुठे पुरले ते विसरते. एकदा तर सकाळभर शेपटी शोधत होती. शेपटी पाठीमागेच होती. झुपुक झुपुक हलत होती.

म्हणून झुपकी आता दाणे पुरतच नाही. तिला वैजू देते. रोज सकाळी एक शेंगदाणा. खिडकीत ठेवते आणि म्हणते, "झुपके, ये."

एक दिवस झुपकी खिडकीत आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दाणा नाही.

इकडे नाही. तिकडे नाही. शेपटीखाली पाहिलं. तिथेही नाही.

मग तिनं आत पाहिलं. वैजू मच्छरदाणीत झोपलेली. अंगावर गोधडी. गाल लाल लाल.

झुपकी म्हणाली, "वैजू, वैजू, दाणा दे."

वैजू म्हणाली, "मी नाही येणार. मला ताप आलाय. आई मच्छरदाणीतून सोडत नाही. आईला सांग, मला सोड."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आई पेज ढवळत होती. रट रट, रट रट.

"आई, आई, वैजूला सोड.
वैजू येईना,
दाणा मिळेना,
मी आता खाऊ काय?"

आई म्हणाली, "मी नाही सोडणार. बाहेर डास आहेत. डास वैजूला चावेल. मग उडत जाऊन शेजारच्या नमूला चावेल. ताप तिच्या घरी जाईल. डासांना सांग, जा."

हे आईला आशाताईंनी सांगितलं होतं. आशाताई घरोघरी जातात. कुणाला ताप आहे का विचारतात. खारींना विचारत नाहीत, याचं झुपकीला थोडं वाईट वाटतं.

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

डास न्हाणीच्या कोपऱ्यात होते. गुंईईई, गुंईईई.

"डासांनो, डासांनो, जा.
आई सोडेना,
वैजू येईना,
दाणा मिळेना,
मी आता खाऊ काय?"

डास म्हणाले, "आम्ही नाही जाणार. पिंप उघडं आहे. पिंपात पाणी आहे. पाण्यात आमची बाळं आहेत. पिंपाला सांग, तोंड मीट."

एक डास झुपकीच्या कानावर बसला. झुपकीनं जोरात कान हलवला. कान एवढासा. डास हललाच नाही. शेवटी झुपकीच पळाली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

पिंप अंगणात उभं होतं. निळं, गोल, लठ्ठ. बुडुक बुडुक, बुडुक बुडुक.

"पिंपा, पिंपा, तोंड मीट.
डास जाईनात,
आई सोडेना,
वैजू येईना,
दाणा मिळेना,
मी आता खाऊ काय?"

पिंप म्हणालं, "मी नाही मिटणार. माझं झाकण इथे आहे का? नाही. मग मिटू कसं? झाकणाला सांग, ये."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

झाकण ओट्यावर उन्हात पडलं होतं. त्याच्यावर आईनं सांडगे वाळत घातले होते. ओळीनं बसले होते सगळे. शाळेत बसतात तसे.

सांडग्यांत मिरची होती. झुपकीच्या नाकात गेली. तिनं शेपटी तोंडापुढे धरली आणि मग शिंकली. आऽऽक्छी. वेंधळी असली तरी तेवढं तिला कळतं.

"झाकणा, झाकणा, ये.
पिंप मिटेना,
डास जाईनात,
आई सोडेना,
वैजू येईना,
दाणा मिळेना,
मी आता खाऊ काय?"

झाकण म्हणालं, "मी नाही हलणार. जरा हललं की सांडगे पडतात. पडले की आई मला बोलते. माझ्याऐवजी पिंपाला फडकं आहे ना? सुतळीला सांग, फडकं बांध."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

सुतळी पिंपाच्या बाजूला लोंबत होती. लुटुलुटु, लुटुलुटु.

"सुतळी, सुतळी, फडकं बांध.
झाकण हलेना,
पिंप मिटेना,
डास जाईनात,
आई सोडेना,
वैजू येईना,
दाणा मिळेना,
मी आता खाऊ काय?"

सुतळी म्हणाली, "मी नाही बांधणार. बांधू काय, डोंबल? फडकंच नाही. लाल ठिपक्यांचं होतं. कुणीतरी नेलं. जाताना मला कुरतडलंही. हे बघ. बारीक बारीक दातांनी."

झुपकीला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "अगं बाई. कोण मेलं असं करतं?"

हे म्हणताना तिचे दात दिसले. बारीक बारीक.

सुतळीनं त्या दातांकडे पाहिलं. जराशी लांब सरकली. मग म्हणाली, "शेवग्याला सांग, चोर दाखव. त्याला वरून सगळं दिसतं."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेवगा दारातच उभा होता. सळसळ सळसळ, सळसळ सळसळ.

"शेवग्या, शेवग्या, चोर दाखव.
सुतळी बांधेना,
झाकण हलेना,
पिंप मिटेना,
डास जाईनात,
आई सोडेना,
वैजू येईना,
दाणा मिळेना,
मी आता खाऊ काय?"

शेवगा म्हणाला, "मी नाही दाखवणार. मी चहाड्या करत नाही. खारीला सांग, फडकं दे."

"कुठल्या खारीला?"

"माझ्या फांदीवर राहते तिला."

"वरच्या फांदीवर?"

"नाही."

"खालच्या?"

"नाही. मधल्या."

झुपकीला रागच आला. मधल्या फांदीवर तर ती स्वतः राहते. तिथे दुसरी खार आली कधी? कुणाला विचारून आली? आता बघतेच तिच्याकडे, असं म्हणून झुपकी वर चढली. सुर्रर्र.

घरट्यात डोकावली.

घरट्यात कुणी नव्हतं. गवत होतं. कापूस होता. आणि लाल ठिपक्यांचं एक फडकं होतं. त्यात झुपकीच्या पाठीएवढा खळगा पडला होता.

झुपकी त्यात बसली, तर अगदी बरोबर मावली.

शेवग्याची एक शेंग हलली.

आता खरं सांगायचं तर फडकं फार मऊ होतं. झुपकीनं त्यावर गाल ठेवला. ठेवावं वाटलं तिला. परत द्यावं असं काही लगेच वाटलं नाही. कुणाला वाटतं?

तेवढ्यात खालून आवाज आला. गुंईईई. एक डास पिंपातून निघाला. खिडकीकडे गेला. मच्छरदाणीला धडकला. मागे फिरला. आणि नमूच्या घराकडे वळला. नमू तिथे पायरीवर बसली होती. उघडी उघडी पावलं हलवत.

झुपकीनं फडकं तोंडात धरलं. ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. फडकं सुटलं, झुपकीही सुटली, आणि दोघं एकदम अंगणात आली. धप्प.

आई धावत बाहेर आली. फडक्याकडे पाहिलं. फडक्याखालून शेपटी दिसत होती. झुपुक झुपुक.

आई म्हणाली, "बरं झालं, सापडलं." कुणाला सापडलं ते तिनं विचारलंच नाही. आई चांगली आहे.

मग आईनं पिंप आडवं केलं. पाणी गेलं शेवग्याच्या मुळाशी. भळाभळा, भळाभळा. डासांची बाळं मातीत गेली. आईनं पिंप आतून घासलं. खस खस, खस खस. उन्हात पालथं ठेवलं. कोरडं ठणठणीत.

त्या दिवशी शुक्रवार होता. आशाताईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, शुक्रवारी पिंप कोरडं. नमूच्या आजोबांनी त्यांचं पिंप घासलं. पलीकडच्या काकूंनी त्यांचं घासलं. गल्लीभर एकच आवाज. खस खस, खस खस.

दुपारी नळाला पाणी आलं. पिंप भरलं. आईनं फडकं धुतलं, पिळलं. मग काय?

शेवग्यानं सांगितलं,
झुपकीनं दिलं.
झुपकीनं दिलं,
सुतळीनं बांधलं.
थोडी कमी पडली, पण पोचली.
सुतळीनं बांधलं,
पिंप मिटलं.

झाकण मात्र हललंच नाही. सांडगे घेऊन बसलं होतं तसंच बसलं. काहीच केलं नाही आणि संध्याकाळी म्हणालं, फार दमलं बाई अंग.

डास आले. गुंईईई. फडक्याला भोक आहे का, पाहिलं. नव्हतं. नमूकडे गेले. तिथेही पिंप मिटलेलं. काकूंकडे गेले. तिथेही मिटलेलं. गुंईई झालं बारीक. आणखी बारीक. मग ऐकूच येईना.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. वैजूचा ताप उतरला. नमूला ताप आलाच नाही. आशाताईंनी वैजूच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मान डोलावली.

डास गेले,
आईनं सोडलं.
आईनं सोडलं,
वैजू आली.
वैजू आली,
दाणा मिळाला.

खिडकीत ठेवला होता. भाजलेला. सालासकट.

झुपकीनं तो दोन्ही हातांत धरला. कुटुक कुटुक, कुटुक कुटुक. जरा पोट भरलं. मग तिला वाटलं, एवढं सगळं केलं आपण. कुणी दोन शब्द चांगले बोलायला हवेत.

कुणी बोलेना. म्हणून मग तीच म्हणाली, "मी होते म्हणून बरं, वैजू. मी फडकं दिलं नसतं तर?"

वैजूनं आपला दाणा सोलला. तोंडात टाकला. चावला. गिळला.

आणि म्हणाली, "तू नेलं नसतंस तर."