डबीतलं सोनं

"आठ दिवसांत लोहारआळी उठली पाहिजे!"

कुसुंबनगरच्या चंडदेव महाराजांनी हुकूम सोडला. कारण काय, तर राजवाड्याच्या गच्चीवरून आळीमागचा कीटाचा ढीग दिसतो! तापलं लोखंड ठोकताना ज्या काळ्या खपल्या उडतात ना, ते कीट. सात पिढ्यांचं साचलेलं. सात पिढ्या ते कुणाला टोचलं नाही, आणि आत्ताच महाराजांच्या डोळ्यांत खुपलं. खुपवलं होतं रसाचार्य नीळकंठशास्त्र्यांनी.

हे रसाचार्य म्हणजे बडं प्रस्थ! नगरात कुसुंबी कापड रंगायचं आणि रंगाचं लालभडक पाणी राजवाड्याच्या हौदांत उतरायचं. शास्त्रीबुवा चांदीच्या डबीतून काळपट 'सुवर्णभस्म' टाकायचे, वर चिंचेचं पाणी ओतायचे, ओठ हलवायचे, की संध्याकाळपर्यंत पाणी निवळ! भस्मासाठी दर महिन्याला खजिन्यातून सोन्याची एक लगड. तिचं होतं काय, असं विचारलं की म्हणायचे, "पाण्यात विरघळते, महाराज!" बारा वर्षं विरघळत होती. एवढ्या शहाण्यांनी भरलेल्या दरबारात एकालाही शंका आली नाही, धन्य त्यांची!

हुकूम ऐकून म्हाताऱ्या हैबती लोहारानं हातोडा बाजूला ठेवला. "पोरी, ऐरण उचलून जायचं तरी कुठं गं?"

त्याची लेक साळू मात्र दवंडीवाल्याची वाट अडवून उभी राहिली. "काका, परत सांगा बरं. ढीगही उचलून न्यायचा ना?"

"छे छे! जायचं तुम्ही. ढिगाला कुणी हात लावायचा नाही. रसाचार्य त्याची शांती करणार आहेत."

"अस्सं! त्रास ढिगाचा, ढीग राहणार, आणि आम्ही जाणार?" साळूनं पदर खोचला आणि तरातरा दरबार गाठला.

"महाराज, आमचं कीट घाण नाही! रंगाचा एक पाट आमच्या ढिगाखालून जातो. येतो लाल, निघतो निवळ! शास्त्रीबुवांचं सोनं जे करतं ते आमचं कीट फुकट करतं. आणि विरघळत नाही, काम करून परत येतं!"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवांचं हसू तेवढं अर्ध्यावर थांबलं.

महाराज पडले हट्टी. "परत येतं? बरं! पसाभर कीट तोलून हौदात टाक, पाणी निवळून दाखव, आणि तेवढंच कीट परत तोलून दे. पाणी गाळायचं नाही, उपसायचं नाही! एक गुंज कमी भरलं तर आठ दिवसही नाहीत, आजच आळी रिकामी!"

"आणि भरलं तर?"

"तर तू मागशील ते!"

साळूनं पाट्यावर बारीक वाटलेलं कीट तोललं, हौदात टाकलं, चिंचेचं पाणी ओतलं आणि बांबूनं ढवळलं.

"आणि मंत्र?" शास्त्रीबुवांनी टोमणा मारला.

"कीटाला ऐकू येत नाही, बुवा!"

उन्हं कलेपर्यंत हौदाचा तळ दिसू लागला. तळाशी काळी पूड पसरलेली. "हं, आता बोलाव तुझ्या कीटाला!" महाराज मिशीतल्या मिशीत हसले.

साळूनं ओच्यातून एक काळा दगड काढला. लोहचुंबक! राखेतले लोखंडाचे कण वेचायला लोहार वापरतात तो. तो फडक्यात गुंडाळून, दोरी बांधून तिनं तळावरून फिरवला. कीट सुरसुरत येऊन फडक्याला बिलगलं. वर काढलं, दगड बाजूला केला, की पूड खाली! असं करत करत सगळं काढलं, वाळवलं, तोललं. गुंजभरही कमी नाही!

"एकदा काय, कुणालाही जमतं!" महाराज अडून बसले.

"मग दुसरा हौद घ्या. कीट हेच!"

दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा. पसा तोच, वजन तेच, पाणी निवळ. आता मात्र शास्त्रीबुवांना राहवेना.

"शी! कुठं हा लोहाराचा उकिरडा आणि कुठं माझं सुवर्णभस्म!" म्हणत त्यांनी ऐटीत डबी उघडली. तिथंच फसले! साळूनं दगड नुसता जवळ नेला, आणि भस्म टुणकन उडून दगडावर!

"अगंबाई! सोनं कधीपासून लोहचुंबकाला चिकटायला लागलं?"

"मं... मंत्रानं! मंत्रून दिलेलं सोनं चिकटतं!"

महाराजांनी बोटातली सोन्याची अंगठी काढून दगडाला लावली. ढिम्म! "ही अंगठीही तुम्हीच मंत्रून दिली होती ना, शास्त्रीबुवा?"

"हे तर आमचंच कीट, महाराज! म्हणूनच ढीग ठेवून आम्हाला घालवायचं होतं!" साळू म्हणाली.

"मग बारा वर्षांचं माझं सोनं गेलं कुठं?" महाराज गरजले.

साळूनं दगड शास्त्रीबुवांच्या गळ्यातल्या जाडजूड गोफाला लावला. गोफ जागचा हलला नाही. "हे बघा, महाराज, इथं आहे. आणि अस्सल आहे हो, दगडाला चिकटत नाही!"

"हाकला याला वेशीबाहेर!" महाराज कडाडले. "आणि पोरी, तू माग!"

"आमची आळी जागच्या जागी राहू द्या. आणि शास्त्रीबुवांना हाकलू नका, मला द्या!"

"या लबाडाचं तू काय करणार?"

"लोहार टाकाऊ म्हणून काही फेकत नाही, महाराज. बाबांचे हात थकलेत, भाता ओढायला माणूस हवाच आहे."

"आणि पळून गेला तर?"

"गोफ तुम्ही काढून घ्या, पायात लोखंडाचं कडं आम्ही घालतो. मग कुठंही लपू देत, माझा दगड आहेच!"

महाराज असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदिल घरंगळून हौदात पडला! आळीची सनद तिथल्या तिथं लिहून झाली. गोफ स्वतःच्या हातांनी उतरवून महाराजांनी साळूच्या गळ्यात घातला. आणि कडं? ते त्याच संध्याकाळी हैबतीनं ठोकून बसवलं, अगदी शास्त्रीबुवांच्या मापाचं!