तिरका चुंबक

“…म्हणजे पट्टी मेली, असंच ना?” प्रबंधाच्या मार्गदर्शक निमकर बाईंनी प्रयोगशाळेत चहाचा पेला हातात घेऊनच विचारलं.

“मेलीच म्हणायची बाई,” शार्दूल म्हणाला. “तीन दिवस झाले. नुसतं शून्य.”

पट्टी म्हणजे काचेवर चढवलेला निकेलचा पातळ थर. तिच्यातून लांबीच्या दिशेने वीज जात होती. दोन्ही कडांना एकेक तार होती. चुंबक शेजारी आणला की या दोन तारांमध्ये विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उमटायला हवा, एवढंच शार्दूलला सिद्ध करायचं होतं. दुपारी बाहेरचे परीक्षक येणार होते. आज आकडा दिसला नाही, तर प्रबंध वर्षभर पुढे गेलाच.

“चुंबक कसा ठेवलास?”

शार्दूलची मान ताठ झाली. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“पट्टीच्याच पातळीत. विजेला बरोब्बर आडवा. गुण्या लावून.”

“आणि?”

“शून्य.”

“मग?”

“मग विजेच्या रोखाने ठेवला. तोही गुण्या लावून.”

“आणि?”

“शून्य… बाई, केसाएवढी चूक निघाली तर माझं नाव बदला.”

चूक नव्हतीच. नवी सून सासरी पहिली पोळी लाटते, तेवढ्या धास्तीने त्याने सगळं मांडलं होतं. बाईंनी वाकून पाहिलं. कौतुकाने मान हलवली.

“सुरेख लावलंयस.”

शार्दूल सुखावला.

मग पेला ठेवायला जागा करावी तसा बाईंनी कोपराने चुंबकाला धक्का दिला.

“बाई! अहो, बाई!”

चुंबक फिरला आणि वेडावाकडा थांबला. शार्दूल गुण्या घेऊन धावला.

“थांब.”

“पण सगळं हललं हो!”

“हललं खरं… मीटर बघ.”

मीटरवर आकडा होता.

शार्दूलने डोळे चोळले. चुंबक सरळ केला… शून्य. थोडा तिरका केला, आकडा वर. आणखी तिरका, आणखी वर. अर्ध्या काटकोनापाशी सगळ्यात मोठा, मग पुन्हा उतार. दुसऱ्या बाजूला कलवला, तर तेवढाच आकडा, पण उणे.

तो लहान पोरासारखा हसायला लागला. हसता हसता त्याने चुंबकाची टोकं उलटी केली, उत्तरेच्या जागी दक्षिण, आणि चिन्ह पालटायची वाट पाहत बसला.

पालटलं नाही.

“हे काय आता? टोकं बदलली तरी तेच?”

“चुंबकाचं तोंड कुठे आहे याच्याशी निकेलला देणंघेणं नाही रे. चुंबकाची रेघ कशी पडलीय, तेवढंच बघतं ते.” बाईंनी चहाचा घोट घेतला. “त्या रेघेच्या रोखाने विजेला अडथळा एक, आडवा दुसरा. तू रेघ सरळ ठेवलीस, विजेला बाजूला झुकायचं कारणच नाही. पूर्ण आडवी ठेवलीस, तरी नाही. तिरकी पडली, तरच ती झुकते.”

“आणि मी तीन दिवस…”

“हो. फार काळजीपूर्वक.”

शार्दूलचे कान लाल झाले. फळ्यावर त्याच्याच अक्षरात शून्यांची रांग होती. तो लगबगीने उठला आणि डस्टर शोधू लागला.

डस्टर दिसेना. टेबलाखाली नाही, खिडकीत नाही.

बाई स्टुलावर बसल्या होत्या. नेहमीपेक्षा जरा उंच.

“बाई… तुम्ही डस्टरवर बसलायत.”

“बसलेय.”

“परीक्षक येतील. ती शून्यं तरी पुसू द्या हो! पहिल्यापासून तिरकाच ठेवला होता असं दाखवतो. आकडा छान येतोय.”

“तारा समोरासमोर नीट चिकटल्या नसतील, तरी आकडा छानच येतो. फक्त सरळ ठेवल्यावर शून्य येत नाही.”

शार्दूलने मीटरकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ शून्यांकडेच पाहत राहिला.

मग त्याने गुण्या उचलला आणि चुंबक पुन्हा विजेला बरोब्बर आडवा लावला.

“बाई, परीक्षकांना सुरुवातीला काय दाखवू?”

बाईंनी पेला रिकामा केला.

“हेच. आणि घाई करू नकोस… त्यांना आधी जरा कंटाळू दे.”