कोंबडीने उबवलेली नऊ पिल्ले

“सगळी?” कमालशाबाबांनी विचारले.

“एक आहे अजून.”

विश्वंभरने सूप ओट्यावर ठेवले. सुपात बदकाची आठ पिल्ले ओळीने निजवली होती. नववे त्याने सदऱ्याच्या आत, छातीशी धरले होते. तो स्वतः गळ्यापर्यंत भिजलेला होता आणि पौषातल्या वाऱ्यात कुडकुडत होता.

बाबांनी सुपाकडे पाहिले.

पूर्व विदर्भातल्या एका जुन्या तलावाच्या पाळीवर या फकिराचा तकिया होता. एक कबर, एक ओटा, दोन खोल्या. विश्वंभर चार वर्षे तिथे शिष्य म्हणून राहिला होता. तत्त्वज्ञानाचा एम.ए. तो बोलू लागला की माणसे हातातली विडी विझू देत. आता तालुक्याच्या गावी त्याच्यासाठी मठी बांधून तयार होती. त्याच्यापुढे बसायला शिष्य तयार होते. फलकावर नावही रंगवून झाले होते. राहिली होती ती फक्त बाबांची परवानगी.

महिन्यापूर्वी तकियातले बदक कुत्र्यांनी फाडले. मागे नऊ अंडी राहिली. तलावात मासे धरणाऱ्या भागरताने आपली खुडुक कोंबडी आणून त्यांच्यावर बसवली. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस. ती सात दिवस जास्त बसली. दाण्यालाही पुरती उठली नाही.

तेव्हा बाबा विश्वंभरला म्हणाले होते, “ही पिल्लं तू वाढव. ती या तलावावर पोहायला लागली, की जा.”

पिल्ले सोमवारी निघाली. शनिवारी दुपारी विश्वंभरने ती पाण्यात सोडली. रविवारी सकाळी मठीची जीप यायची होती.

“पोहली, बाबा,” विश्वंभर म्हणाला. “खरंच पोहली. कमळाच्या पानांपर्यंत गेली. मग एकेक खाली जायला लागलं... मी धावलो. हाताला लागेपर्यंत...”

“हं.”

“बदकाचं पिल्लू पाण्यात मरेल असं कुणाला वाटेल? पाणी त्यांच्या रक्तात असतं. हे मी माझ्या मनाचं नाही म्हणत. हे पुस्तकांत आहे.”

बाबांनी सुपातले एक पिल्लू उचलले. मुठीत धरून हलकेच दाबले. पिवळ्या लवेतून पाणी निघाले आणि त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. एवढ्याशा जिवात इतके पाणी मावत असेल, असे बघून वाटले नसते.

“रक्तात पाणी असेल,” बाबा म्हणाले. “पिसांत तेल नव्हतं.”

“तेल?”

“आई बदक असती, तर तिनं पोटाखाली घेऊन घेऊन आपल्या पिसांचं तेल यांना लावलं असतं. मग पाणी वरच्या वर ओघळून जातं. ही कोंबडीखाली वाढली. तिच्याकडे ऊब आहे, तेल नाही. यांचं स्वतःचं तेल यायला महिना जातो.”

“हे मला कुणी सांगितलं नाही.”

बाबांनी ते पिल्लू पुन्हा ओळीत ठेवले.

“भागरता नव्हती तिथं?”

विश्वंभरने सदऱ्यातले पिल्लू आणखी जवळ घेतले.

“नव्हती?”

“होती.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘बाबू, आजच नोको. अंग भिजते त्यायचं. म्हैनाभर जाऊ दे.’”

“मग तू काय म्हणालास?”

विश्वंभर खोटारडा नव्हता. एवढे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे.

“मी म्हणालो, ‘बाई, तू माशांना पोहायचा क्लास कधी लावला होतास?’ लोक हसले.”

लोक हसले. यातले काहीही अंधारात घडले नव्हते. भर दुपारी, पाळीवर आठ-दहा माणसे उभी असताना घडले. त्यात पोलीस पाटील होता, शाळेचे एक गुरुजी होते. जिची पन्नास वर्षे त्या पाण्यात गेली, ती एक बाई नको म्हणत होती. आणि ती माणसे हसत होती, कारण दुसऱ्याला वाक्य चांगले जुळवता येत होते. त्यांच्यापैकी कुणालाही त्या रात्री जेवण कडू लागले नसेल.

“कोंबडी कुठं होती?” बाबांनी विचारले.

“काठावर. फार ओरडत होती. इकडून तिकडे धावत होती. पाण्यात पाय घालायची आणि मागे यायची.”

“आणि पिल्लं?”

“तिचा आवाज ऐकून वळत होती.”

“कुठं वळत होती?”

“...काठाकडे.”

“मग?”

“मग मी तिला डालग्याखाली घातलं. वर दगड ठेवला.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

वाऱ्याने सुपातली लव हलली. सदऱ्यातले पिल्लू एकदा चिवचिवले, फार बारीक. विश्वंभरने त्याच्यावर दोन्ही तळवे धरले.

“मलाही एक विचारायचंय,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. परीक्षा माझी घ्यायची होती ना? मग मला उपाशी ठेवायचं होतं. हाकलून द्यायचं होतं. या नऊ जिवांवर का घेतलीत?”

प्रश्न रास्त होता. गुरूंना असे प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून अनेक गुरूंचे फावते.

बाबांनी तो टाळला नाही.

“तू घाई करशील, हे मला वाटलं होतं,” ते म्हणाले. “म्हणून भागरताला सांगून ठेवलं होतं, की लक्ष ठेव, अडव त्याला. तिनं अडवलं... तिच्यावर हसशील, हेही एक वेळ धरून चाललो असतो. आईला दगडाखाली ठेवशील, हे नाही सुचलं मला. चार वर्षं माझ्या ताटात जेवलास तू. माझंही चुकलं. ते मी भोगीन.”

विश्वंभरची मान खाली गेली.

“उद्या जीप येईल,” तो म्हणाला. “त्यांना काय सांगू?”

बाबा उठले. काठी न घेताच पायऱ्या उतरले. विश्वंभर सूप घेऊन मागे गेला.

पाळीवरची माणसे केव्हाच पांगली होती. भागरता एकटी डालग्याशेजारी बसली होती. आत कोंबडी बांबूच्या पट्ट्यांवर डोके आपटत होती. तिच्या तुऱ्याला रक्त आले होते.

“भागरता, दगड का नाही काढलास?”

“काढू का नोको, समजत नोतं, बाबा. तुमच्या मानसानं ठेवला व्हता.”

कोंबडी तिची. अंड्यांवर तिनेच बसवली. आणि दगड काढायला ती परवानगीची वाट बघत बसली होती.

बाबांनी दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. डालगे वर केले.

कोंबडी पळाली नाही. मान वाकडी करून तिने आधी पाण्याकडे पाहिले. मग विश्वंभरने खाली ठेवलेल्या सुपाकडे. हळूहळू चालत ती सुपात चढली. घशातल्या घशात काहीतरी बोलली, दाणा दिसला की पिल्लांना बोलावतात तसे... एकही पिल्लू हलले नाही. तिने पंख पसरले, अंग फुगवले आणि त्या आठांवर बसली. कडेचे एक बाहेर राहिले होते. चोचीने ओढून तिने ते आत घेतले.

विश्वंभरने सदऱ्यातून नववे काढले आणि तिच्या पंखाखाली सरकवले.

तिघे उभे होते. भागरताने पदर तोंडाशी धरला होता.

बऱ्याच वेळाने विश्वंभरने खाली बसून पंखाखाली हात घातला. चाचपडला. हात बाहेर घेतला.

“गेलं,” तो म्हणाला.

कोंबडी बसूनच होती. अंगावरचे पीसन् पीस उभारून, शक्य तेवढी मोठी होऊन.

ऊन उतरू लागले. भागरता म्हणाली, “बाबू, मातीत घाला आता त्यायले. कुत्रे येतीन.”

विश्वंभर सूप उचलायला वाकला. कोंबडीने त्याच्या हातावर चोच मारली. त्याने पुन्हा हात नेला. तिने पुन्हा मारली, या वेळी रक्त काढले. तो तसाच वाकून राहिला.

“बाबा... हिला कळत नाहीये. ती मेलीत, हे हिला कळतच नाहीये.”

बाबा पाण्याकडे बघत होते.

“मग तूच सांग तिला.”