उष्टावणाची वाटी

एकदा एका वैद्यांकडे एक शिष्य राहत होता. वैद्य बोलत फार कमी आणि शिष्य ती उणीव भरून काढी. त्याचं नाव नरहरी. ग्रंथ मुखोद्गत, बुद्धी तल्लख. दोष एवढाच की समोरच्याचं दुखणं सांगून व्हायच्या आत त्याचा उपाय तयार असे.

एके दिवशी सगुणा नावाची तरुण आई सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळ जन्मापासून प्यायलेलं दूध थोडं थोडं बाहेर टाकी. चार दिवसांपूर्वी त्याचं उष्टावण झालं होतं. मामाने मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास दिला. शास्त्र तिथेच संपलं होतं, पण हौस कुठे संपते? आत्या म्हणाली, "माझ्या हातचा एक." मावशी म्हणाली, "मग मी काय घोडं मारलंय?" काकू आली, आजी आली. शेवटी बाळाने सगळी खीर मामाच्या नव्या कोऱ्या धोतरावर परत केली. सासूबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "आईचंच दूध बाधतंय त्याला."

"तेव्हापासून चमचा पाहिला की तोंड घट्ट मिटतो हो," सगुणा म्हणाली. "हा जेवायलाच शिकला नाही तर? माझंच काही चुकतंय का?"

वैद्य परगावी गेले होते. नरहरीने क्षणात सांगितलं, "ताई, पातळ असतं ते वर येतं. घट्ट पेज करा, वाटीभर, दिवसातून तीनदा. बाळाचे हात धरून ठेवा, म्हणजे झालं!"

झालं ते असं की दोन दिवसांनी सगुणा रडतच परत आली. आता बाळ नुसती वाटी पाहून आक्रोश करी. वैद्य परतले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नरहरीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

वैद्यांनी बाळाला उचललं, पोट चाचपलं, वजनाचा अदमास घेतला. बाळाने त्यांची दाढी ओढली आणि खुदकन हसलं. "छान भरलाय की अंगाने! दुखणाईत मूल असं हसत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मऊ भाताची पेज मागवली, वर तूप घातलं आणि वाटी सगुणाच्या हातात दिली.

"तू खा, पोरी."

"मी? अहो, बाळासाठी ना ही?"

"तूच खा. त्याला मांडीवर ताठ बसव. घास मात्र त्याच्याकडे नेऊ नकोस."

सगुणाने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. आपलं दूध बाधतं या धास्तीने तिने डाळ सोडली होती, भाजी सोडली होती. कोणी सांगेल ते सोडलं होतं. पोटभर ती कधी जेवली होती, तिलाच आठवेना. बाळ टकामका आईच्या तोंडाकडे पाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. नरहरी मनात चडफडला. रोगी कोण आणि जेवतंय कोण!

तिसऱ्या दिवशी बाळ पुढे झेपावलं. त्याने आईची पेजेने माखलेली बोटं पकडली आणि स्वतःच तोंडात घातली. चोखली, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा चोखली. नरहरी चमचा घेऊन धावला. "गुरुजी, लागली गोडी! आता वाटीभर..."

वैद्यांनी त्याचं मनगट धरलं. "पुरे."

त्यांनी बाळाला खांद्याशी उभं धरलं. थोड्या वेळाने त्यांच्या उपरण्यावर थोडीशी पेज आलीच. सगुणाचा चेहरा पांढराफटक पडला. वैद्यांनी उपरण्याच्या टोकाने बाळाचे ओठ पुसले, जणू काही विशेष घडलंच नव्हतं.

"थोडं वर आलं, थोडं आत राहिलं," ते म्हणाले. "पोरी, तुझं दूध निर्दोष आहे. याच्या जठराचं दार अजून कोवळं आहे. ते वयाने घट्ट होईल, आपल्या घाईने नव्हे. तोवर घास लहान, पाठ ताठ आणि तुझं पोट भरलेलं असू दे. अंग धरायचा थांबला, तर मात्र लगेच ये. आणि नरहरी, त्या दिवशी उष्टावणात प्रत्येकाने आपली हौस भरवली. तू आपली विद्या भरवलीस. भूक बाळाची आहे, हे सगळेच विसरलात."

नरहरीने मान खाली घातली. सगुणा निघताना पुन्हा त्याच्याकडेच वळली. "मग उद्या किती देऊ?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं, चमचा खाली ठेवला आणि बाळासमोर मांडी घालून बसला.

"ताई," तो म्हणाला, "उद्या त्यालाच विचारू या."