मापाची काठी

“मी ‘सगळे’ म्हटलं होतं का, बाबा? तुम्हीच सांगा.”

नूरशा फकीर कुदळीचा दांडा ठोकून घट्ट करत होता. त्यानं मान वर केली नाही.

“मी ‘बहुतेक’ म्हटलं. ‘सहसा’ही म्हटलं. पालांतल्या बहुतेक लोकांना सहसा चोरीची खोड असते. एवढंच माझं वाक्य.”

बोलणारा मुकुंद मास्तर. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. शब्दांचा भारी काटेकोर. साहेबाच्या भाषेत सरसकट बोलायचं झालं तर आधी वाक्याला लगाम घालतात, हे तो पोरांकडून घोकून घ्यायचा. बारा वर्षं दर गुरुवारी फकिराच्या पायाशी येऊन बसणारा माणूस. आज गुरुवार नव्हता.

झालं होतं ते असं. देवळातली समई गेली. चावडीवर माणसं जमली. मास्तर आपलं वाक्य बोलून खाली बसला. अगदी बेतशीर वाक्य, कुणी चूक काढू शकलं नसतं. दुसऱ्या दिवशी पालांतला, धार लावणारा एक माणूस खांद्यावर चाक घेऊन वेशीतून आत आला, आणि गावानं त्याला तिथंच ठेचून मारलं.

नदीकाठची भटक्यांची पालं भीतीनं उठून गेली. प्रेताला वाली उरला नाही. पोलिसांचे सोपस्कार झाले आणि ते फकिराकडे आलं. बेवारस प्रेतं तोच पुरायचा.

समई अजून सापडलेली नाही.

“लोकांनी ‘बहुतेक’ ऐकलंच नाही, त्याला मी काय करू?” मास्तर म्हणाला. “माझा दोष नाही, एवढं एकदा म्हणा, बाबा. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.”

“नव्हतंस घेतलं,” फकीर म्हणाला. “म्हणून त्यांना कुणीही चालला.”



फकिरानं कुदळ मास्तरच्या हातात दिली. “खण.”

“खड्डा किती लांब?”

“तुला काय वाटतं?”

“साधारण माणसाएवढा खणतो.”

फकीर सावलीत जाऊन बसला.

मास्तरनं जन्मात कुदळ धरली नव्हती. तळहाताला फोड आले, फुटले. चादरीखालच्या प्रेताकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. उन्हं कलली तेव्हा खड्डा झाला. कडा मात्र नीट तासलेल्या होत्या.

दोघांनी प्रेत चादरीसकट उचलून आत उतरवलं. पाय मावेनात.

मास्तरनं ते दुमडून पाहिले. अंग ताठलं होतं.

“बाहेर काढ,” फकीर म्हणाला.

त्यांनी ते पुन्हा वर घेतलं.

“किती वाढवू, बाबा?”

फकिरानं मापाची काठी पुढे केली. “मला काय विचारतोस? त्याच्याजवळ जा.”

माप घ्यायचं तर चादर दूर करावी लागते, डोक्यापासून टाचेपर्यंत. मास्तरनं ती दूर केली, आणि काठी त्याच्या हातातून गळाली.



“बाबा, मी ह्याला ओळखतो. चार दिवसांपूर्वी आमच्या ओसरीवर बसून ह्यानं विळीला धार लावली. हिनं चहा दिला. जाताना कप आपल्या हातानं विसळून पालथा घालून गेला.”

आणि मास्तर ओक्साबोक्शी रडू लागला.

“हा तसा नव्हता, बाबा. हा खरंच त्यांच्यातला नव्हता.”

फकिरानं काठी उचलली, तिची माती पुसली आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवली.

“मग तसा कोण, ते सांग. त्याचंही माप आत्ताच घेऊन ठेवू.”