एक हंडा दूध

यंदाही जत्रेतल्या सगळ्या कुस्त्या राजाच्याच तालमीनं मारल्या, आणि टाळी वाजवायला मैदानात माणूसच नव्हतं!

मुलखात कुठंही चांगला पैलवान निघाला, की रणधीरराजे त्याला दुप्पट खुराक देऊन आपल्या तालमीत आणायचे. गावोगावच्या तालमी ओस पडल्या होत्या.

"लोक का येत नाहीत?" राजानं चिडून प्रधानाला विचारलं.

कडेला रेवड्यांची पाटी घेऊन बसलेली गोजराबाईच मधे बोलली. "महाराज, कोण जिंकणार ते घरी बसूनच कळतं. लोकांनी इथं यायचं कशाला? माझ्या रेवड्याही तशाच राहिल्या."

"फार बोलतेस. मग पुढच्या जत्रेला मैदान भरून दाखव. पण मी माझा एकही पैलवान कुणाला देणार नाही, आणि हाकलणारही नाही. जमलं नाही, तर या जत्रेत परत पाटी मांडायची नाही."

त्या पाटीवरच तिचं घर चालायचं. तिनं जरा विचार केला.

"कुणाला देऊ नका, हाकलूही नका. फक्त एक हुकूम काढा. प्रत्येक तालमीला राजवाड्यातून खुराक म्हणून रोज फक्त एक हंडा दूध. पैलवान कितीही असोत, त्यावर थेंबभर वाढवायचं नाही. आपल्या तालमीलाही तेवढंच."

"एवढंच ना?" म्हणून राजानं हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी राजाच्या तालमीत एका हंड्याभोवती चाळीस पैलवान बसले. वाट्याला आलं वाटीभर दूध. आठवडाभरात निमगावचा रायाप्पा राजासमोर उभा राहिला. इतक्या जणांत वर्षानुवर्षं त्याला लढायलाच मिळालं नव्हतं.

"महाराज, आमच्या गावात हंडा भरलेला आहे आणि प्यायला कुणी नाही. जाऊ का?"

उपाशी पैलवानाला अडवणार कसं? राजानं होकाराची मान हलवली. मग एकेक करत बाकीचेही आपापल्या गावी गेले. राजाकडं मोजकेच उरले.

जत्रेला माणसं झाडांवर चढून बसली. गोजराबाईची पाटी दुपारीच रिकामी झाली. शेवटची कुस्ती राजाच्या भैरूची आणि रायाप्पाची. दोघं घामानं निथळेपर्यंत झुंजले. भैरूनं दोनदा त्याला खाली घेतलं, दोनदा तो निसटला, आणि अखेर रायाप्पानंच भैरूला चीत केलं.

राजानं गोजराबाईला बोलावलं. "मैदान भरलंस खरं. पण माझा पैलवान हरून भर जत्रेत माझी पगडी गेली, त्याचं काय?"

"पगडी तर कुस्ती संपायच्या आधीच गेली, महाराज."

"म्हणजे?"

"रायाप्पा दुसऱ्यांदा निसटला, तेव्हा आपणच उभं राहून ती हवेत उडवलीत."

राजाचा हात डोक्याकडं गेला. डोकं उघडंच होतं. त्यानं प्रधानाकडं पाहिलं.

"माझ्या अंगावरनंच पलीकडं गेली," प्रधान हळूच म्हणाला.

राजा पोट धरून हसला. हसता हसता म्हणाला, "शोधा ती पगडी. आणि सापडली की सोन्याच्या तुऱ्यासकट हिच्या पाटीत ठेवा!"