ओढ्यातल्या कोनशिला

"माझी मागची कोनशिला कुठं गेली, बाबा?"

मौनीबाबा बोलले नाहीत. नाव मौनी, पण एरवी तोंड असं चालायचं की मठाच्या उंबरावरचे कावळे लाजून उडून जायचे. आज मात्र गप्प... नुसतं ओढ्याकडं बोट.

भालचंद्रराव ढमाले, जिल्हा परिषद सदस्य, परीटघडीच्या कपड्यांत काठावर आले. मागं जीप. जीपमध्ये पोत्यात गुंडाळलेली नवी कोरी कोनशिला. उद्या ह्या ओढ्यावरच्या पुलाचं भूमिपूजन होतं.

चौथं.

पहिली दोन भालचंद्ररावांच्या वडिलांनी केली, तिसरं त्यांनी स्वतः. दर खेपेला नारळ फुटला, पेढे वाटले, आणि पुलाचा निधी तालुक्याच्या चौपदरी रस्त्याकडं वळला. निधीला ओढा ओलांडायला पूल लागत नाही, हे एक बरं असतं.

पाण्यात, धोंड्यांच्या आधारानं, तीन काळ्या फरश्या मांडल्या होत्या. नावं आभाळाकडं.

"माझ्या बापाच्या नावावर लोक पाय देतात?"

"कोऱ्या बाजूवर घसरत होते, भालू. कोरलेल्या अक्षरात अंगठा रुततो."

भालू म्हणायची मुभा एकट्या बाबांना. पाटीवर हात धरून ग म भ न त्यांनीच गिरवून घेतला होता.

भालू तापला. उद्या मोठी माणसं येणार, हे दगड आत्ताच्या आत्ता उपसतो म्हणाला.

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली म्हातारी सोनाबाई आली, काखेत गाठोडं. पहिल्या दोन फरश्या तिनं सरळ ओलांडल्या. तिसरीपाशी थांबली. वाकली. अक्षरांवरून हात फिरवला, बोटं कपाळाला लावली, आणि मग जपून पाय टेकला.

काठावर येऊन भालचंद्ररावांना म्हणाली, "अण्णा, ह्या खेपेला पेढे ताजे आणा. मागचे आंबले होते." आणि गेली.

भालचंद्ररावांची मान मात्र ताठ झाली होती.

"बघितलंत? माझाच ना तो दगड? अजून मान ठेवून आहेत माणसं."

"तुझाच."

"वाचता येतं तिला?"

"नाही..."

मग बाबांनी सांगितलं. गेल्या श्रावणात सोनाबाईची लेक कमळी बाळंतपणात अडली. चौघांनी बाजेवर घालून पलीकडच्या काठापर्यंत आणली. ओढा दुथडी. अलीकडं दवाखान्याची गाडी उभी, दिवे लावून. पाणी उतरायला दुपार झाली. कमळी सकाळीच गेली होती. पोटातलंही.

"तेराव्यानंतर म्हातारी माझ्याकडं आली. म्हणाली, पुलाच्या दगडांवर एवढी नावं आहेत, त्यात माझ्या कमळीचं कुठलं?"

"मग?"

"मी तुझा दगड दाखवला."

भालचंद्ररावांनी चपला काढल्या. ड्रायव्हरला हाक मारली. दोघांनी जीपमधली कोनशिला उतरवली. परीटघडीचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, तरी ते थांबले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या फरशीच्या मधे एक ढांग लांब पडत होती. तिथं त्यांनी दगड टेकवला. आपलं नाव खाली घालून.

काठावरून मौनीबाबा बघत होते.

"उलटा नको, भालू. अक्षरं वर ठेव... म्हातारीचा पाय घसरेल."